कोरा मेल

टॉर्किलने टॅब किर्स्टीपुढे टेबलावर ठेवला. "पोरी, हा बिघडलाय. नीट बघ."

"काय झालं, आजोबा?"

"इश्बेलचा मेल आला नाही आज."

किर्स्टी दर बुधवारी सकाळी गावच्या सभागृहात म्हाताऱ्यांचा वर्ग घ्यायची. बेटावरचं पोस्ट बंद झालं, बँक गेली, आणि उरलंसुरलं सगळं या काचेत जाऊन बसलं. शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिने टॉर्किलचे मेल उघडले. खाडीपलीकडे एकटी राहणाऱ्या इश्बेलचा रोज सकाळी एक आलेला, याचा तिला एक गेलेला. एकातही अक्षर नव्हतं.

"अहो, हे सगळे कोरेच आहेत! मी काय शिकवलं होतं?"

मागून डॉलिना खिदळली. "प्रेमपत्र लिहायला बसतो आणि शाईच विसरतो मेला!"

वर्ग हसला. एरवी टॉर्किलने तिला सोडलं नसतं. आज तो टॅबकडेच बघत राहिला.

"लिहायचं काय त्यात? धुरावर कधी कुणी काही लिहिलं होतं का?"

डॉलिनाचं हसू मावळलं. तिलाही आठवत होतं. पूर्वी उठल्यावर पहिलं काम चूल पेटवणं, दुसरं दारात येऊन पलीकडच्या तीरावरची धुराडी बघणं. धूर दिसला की माणूस उठलं, हिंडतंफिरतं आहे. नाही दिसला तर चहा तसाच टाकून होडी काढायची. दलदलीतून कापून, वाळवून चुलीत सरपणासारखी जाळायच्या मातीच्या त्या धुराला वास होता. पावाला तोच, लोकरीला तोच, पोरांच्या केसांनाही तोच. काय दिवस होते ते! मग सरकारने घरोघरी विजेचे हीटर बसवले आणि धुराडी बुजवून टाकली. घरं उबदार झाली, खोटं कशाला बोला. पण पलीकडचं माणूस उठलं की नाही, ते कळेनासं झालं. इश्बेलला फोनवर ऐकू येत नव्हतं. म्हणून दोघं या वर्गात आली, एक बटण दाबायला शिकली आणि तेवढ्यावरच थांबली.

"थांबा, बघू या." किर्स्टीने स्वतःच्या फोनवरून त्याला एक मेल पाठवला. टॅब लगेच टिंग करून वाजला.

"बघा! काही बिघडलेलं नाही, आजोबा. अगदी ठणठणीत आहे!" ती आनंदाने म्हणाली.

टॉर्किलचा चेहरा उतरला.

"बिघडायला हवा होता गं," तो म्हणाला. "गाडी काढ."

खाडीला वळसा घालून ते पोचले. इश्बेलच्या दाराला कधीच कडी नसायची. टॉर्किल धडपडत आत शिरला. ती स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती. एक पाय विचित्र वळलेला, चेहरा पांढराफटक. तेवढ्यात तिने मान वळवली.

"बूट काढ आधी! सकाळीच लादी पुसलीय."

टॉर्किल उंबऱ्यावर मटकन बसला आणि रडत रडत बुटांच्या नाड्या सोडू लागला.