खोलीकडची बाजू

रेडिओवर निवेदिकेने पाच वाजल्याचे सांगितले आणि श्यामसुंदर बांदेकरांनी खिशातून किल्ली काढली. एकाहत्तराव्या वर्षी ते निकालाच्या दिवशीच्या विद्यार्थ्यासारखे उतावीळ झाले होते.

"चोवीस तास पूर्ण. आता कोणी काही बोलू नका."

"माझी धुतलेली पातळं आत कोंडून ठेवलीत, आणि वर मी बोलायचंही नाही!" त्यांच्या पत्नी विमलाबाई म्हणाल्या.

त्यांच्या मागे वरच्या मजल्यावरची सुहासिनी उभी होती आणि तिच्या शेजारी हातोडा-छिन्नी घेऊन धाकू गवंडी. बांदेकरांच्या झोपायच्या खोलीत छताजवळच्या कोपऱ्यात दोन पावसाळे बुरशी धरत होती. खरवडली, रंग दिला, तरी ती पुन्हा उगवे. पाणी सुहासिनीच्या मोरीतून झिरपते, असे श्यामसुंदरांचे ठाम मत होते आणि सोसायटीने ते मान्य केले होते. आज चाचणीत ते सिद्ध झाले, तर धाकू इथूनच वर जाऊन मोरीची लादी फोडणार होता. सुहासिनीच्या सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. मोरीवाचून पंधरा दिवस त्यांचे कसे करायचे, या विचाराने रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता.

चाचणी श्यामसुंदरांनीच योजली होती. मरोळच्या कारखान्यात मापनयंत्रे तपासण्यात त्यांची चौतीस वर्षे गेली होती. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा वीतभर चौकोन त्यांनी कोपऱ्यातल्या भिंतीवर चारही कडांना चिकटपट्टी लावून बसवला होता. खोलीत नेहमीसारखे कपडे वाळत घालून दाराला कुलूप ठोकले होते. दारावर नियम लिहिला होता: 'पाणी भिंतीकडच्या बाजूस, तर ओल भिंतीतून. पाणी खोलीकडच्या बाजूस, तर ओल खोलीतल्या हवेतून.' खाली त्यांची आणि सुहासिनीची सही होती.

"काका, वर जांव की घराक जांव?" धाकूने विचारले. "काय तां एकदा सांगा."

"जे दिसेल, ते सांगेन."

कुलूप निघाले. आतून कोंदट, उबट हवा अंगावर आली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, दोऱ्यांवर कालची पातळे, आणि ती अजून ओलीच. पलीकडे सरकती खिडकी. पावसाळी हवा आत शिरू नये म्हणून दोन वर्षांपूर्वी श्यामसुंदरांनी स्वतःच्या हाताने तिची फट न् फट सिलिकॉनने भरली होती. त्या कामाचा त्यांना अजूनही अभिमान होता.

पातळे बाजूला सारून ते स्टुलावर चढले आणि त्यांनी विजेरी लावली.

फॉइल चमचमत होती. त्यांनी बोट फिरवले. बोट ओले झाले. मग त्यांनी तीन बाजूंची चिकटपट्टी सावकाश सोडवली आणि फॉइलच्या मागे हात घातला. कोरडे. पुन्हा घातला. कोरडेच.

"काका?" सुहासिनी स्टुलाजवळ सरकली.

श्यामसुंदरांनी विजेरी विझवली. आणि मग ते मोठ्याने हसले.

"खोलीकडची बाजू! अगदी स्वच्छ उत्तर, विमल! कुठे शंकेला जागाच नाही. पाणी आपलंच आहे!"

"दोन वर्षं ओरडतेय, ती खिडकी उघडा म्हणून," विमलाबाई म्हणाल्या. "बायको बोलली ते काही नाही, पोळ्यांचा कागद बोलला तेव्हा पटलं!"

"चुकलो." ते खाली उतरले. "सुहासिनी, तुझ्या मोरीत काहीही दोष नाही. दोष माझ्या हातचा आहे."

सुहासिनी मटकन स्टुलावर बसली. तिला हसू आणि रडू एकदमच आले. "काका, सकाळपासून बेडरूममध्ये अकरा बादल्या भरून ठेवल्यात हो मी!"

"मगे माझा काय?" धाकू म्हणाला.

"छिन्नी इकडे दे."

खिडकीच्या फटीत छिन्नी सरकली. सिलिकॉन एका लांब दोरीसारखे सलग निघून आले; काम खरोखरच उत्तम होते. दुसऱ्या धक्क्याला काच सरकली. वारा आत घुसला, पातळे फुगली, एका कडेवर लोंबणारी फॉइल तडतडू लागली. आणि बाहेरच्या खोलीतल्या रेडिओवरचे गाणे खिडकीवाटे निघाले.

वरच्या खिडकीतून सासूबाईंचा बारीक, चिरका आवाज आला.

"सुहास! अगं सुहास, खालचा रेडिओ! मी म्हटलं, मेला की काय तो दोन वर्षांपूर्वीच!"

श्यामसुंदर बाहेरच्या खोलीत गेले. त्यांनी रेडिओचा आवाज दोन खुणांनी वाढवला. थोडा विचार केला, आणि आणखी एका खुणेने.