मालकाचा चहा

कामगारांचा पुढारी भीमण्णा याला जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी आज गिरणीच्या वाटाघाटीत कामगारांच्या बाजूनं तोच बोलणार होता. कंपनीनं त्याची जुनी भाषणं घालून यंत्र घडवलं होतं आणि नव्या नियमानं तेच प्रतिनिधी ठरलं होतं. रंगखात्यातल्या बायकांबरोबर बसलेली काशव्वा पडद्यावरच्या आपल्या नवऱ्याकडे बघत राहिली. मिशी तीच, खाकरणंही तेच.

रंगखात्यात वाफेची नळी फुटून रेणव्वाचा हात सोलपटला होता. नळी बदलल्याशिवाय कामाला लागायचं नाही, एवढंच बायकांचं म्हणणं होतं.

"लेकींनो, समजुतीनं घ्या," पडदा म्हणाला. "नळी पुढच्या वर्षी बदलू. बसा, साहेबांनी चहा मागवलाय."

"अण्णा म्हणतोय तर..." रेणव्वानं धड हातानं कप उचलला.

काशव्वाच्या अंगाचा भडका उडाला. तीस वर्षं त्या माणसानं करारावर सही झाल्याशिवाय मालकाचा चहा ओठाला लावला नव्हता. सही झाली की मात्र साहेबाच्या मांडीला मांडी लावून दोन कप प्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी गिरणीतले माग गाणं म्हटल्यासारखे चालायचे.

"ठेव तो कप!" ती कडाडली. "मेल्या माणसाच्या तोंडून बोलता व्हय रे, मुडद्यांनो?"

"बाई, तुमचे प्रतिनिधी कबूल झालेत," साहेब म्हणाला.

"मग त्यालाच पाठवा वाफेत. भाजतंय का बघा."

पडद्याकडे पाठ करून ती साहेबासमोर बसली. "आता माझ्याशी बोल. नळी आज, का उद्या?"

तिच्यामागं एकेक कप ट्रेमध्ये परत गेला. पडद्यावरचा भीमण्णा तेवढा हसून म्हणत राहिला, "घ्या की, गार होतोय."