ज्याची त्याची विझवलेली आग

शकुनबाईच्या आवारात भाताच्या तणसाचा ढीग होता, तिथं सकाळी नुसतं काळं रिंगण उरलं होतं. लाल्या आणि चांद्या, तिची बैलजोडी, आधी त्या रिंगणाकडे बघत, मग तिच्याकडे, मग पुन्हा रिंगणाकडे.

काल दुपारी जंगलातून वणवा आला, कुंपण ओलांडून तिचा वर्षाचा चारा खाल्ला आणि नाल्यापाशी जाऊन विझला. माणसाला, घराला धक्का नाही. बैलांचा व्यापारी भुपेंद्र मात्र उजाडताच पिकअप घेऊन सांत्वनाला हजर झाला. लाल्याच्या पाठीवरून हात फिरवत तो बराच वेळ हळहळला. हळहळता हळहळता त्यानं दातही मोजले.

"पावसाले लय अवकाश हाये, बाई. काय खाऊ घालता? राख?"

जोडी गेली तर चिखलणीच्या वेळी भाताच्या बांधीत उतरवायचं कोणाला, हे शकुनबाईला कळत नव्हतं. उपाशी ठेवण्यापेक्षा विकलेले बरे, एवढं तिला कळत होतं.

"संध्याकाळी ये," ती म्हणाली.

पिकअपची धूळ बसते न बसते तोच शेजारच्या टिकारामची बंडी दारात उभी राहिली. तणसानं काठोकाठ भरलेली.

"हे कायले, भाऊजी?"

"आमच्याकडं जास्तीचं होऊन राहिलं होतं," टिकारामनं बंडीच्या चाकाला सांगितलं. भर उन्हाळ्यात तणस कोणाकडेच जास्तीचं होत नाही, हे चाकालाही ठाऊक होतं. बंडी रिकामी करून निघताना त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "आग कोन्या बाजूनं आली म्हणे, वहिनी?"

"वाऱ्याच्या."

"हाव. वाऱ्याचंच काम हाये ते," टिकाराम म्हणाला आणि पोट साफ झालेल्या माणसासारखा हलका होऊन गेला.

मोहफुलांचे दिवस होते. फुलं पहाटे गळतात आणि पाल्यात पडली की दिसत नाहीत. म्हणून घरटी प्रत्येक जण आपापल्या मोहाखालचा पाला जाळून जागा साफ करतो, आणि आग विझवूनच घरी येतो. गावात आजवर स्वतःची आग कोणी विझवायची ठेवलेली नाही. राहते ती नेहमी दुसऱ्याची. काल संध्याकाळी वनरक्षकानं पारावर उभं राहून "कोणी लावली?" असं विचारलं, तेव्हा अख्खं गाव आभाळाकडे पाहू लागलं. आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं.

टिकारामच्या मागोमाग पलीकडच्या घरची धुरपता आली, डोक्यावर तणसाचा भारा घेऊन. भारा टाकला, कमरेवर हात ठेवले आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाली, "मी तं दोन गुंड भरून पाणी ओतलं होतं, व."

"कशावर?"

धुरपता थांबली. "दोडक्याच्या वेलावर," ती म्हणाली आणि आणखी एक भारा आणायला पळाली.

मग शकुनबाईचा पुतण्या धनंजय ट्रॅक्टरभर तणस घेऊन आला. मग बांबू आले, बांबूंमागून माणसं. कोणी जळकं कुंपण उपटत होतं, कोणी नवं बांधत होतं. बोलत कोणीच नव्हतं. एरवी या गावात तिघं मिळून खाट हलवायची तर चौघं सल्ला द्यायला असत.

काल सकाळी शकुनबाईनंही पाला जाळला होता. विझवलाही होता. बहुतेक. मधेच चांद्या दावं तोडून पळाला, ती त्याच्यामागं धावली, आणि परत जाऊन पाहिलं की नाही हे तिला काही केल्या आठवेना. तणस गावाचं, आग कदाचित आपली. असा चारा बैलांपुढं टाकायचा कसा?

शेवटी ती पदर खोचून मधोमध उभी राहिली.

"ऐकून घ्या गा सारे. काल माह्या मोहाखाली मीच—"

कोयते थांबले. धनंजयच्या हातातली तार सुटून त्याच्याच पायावर पडली, पण तो ओरडला नाही.

"मोठीमाय," तो घाईघाईनं म्हणाला, "तुले ऊन लागलं."

"नाही लागलं! मी सांगून राहिली का माह्या हातानं—"

"वहिनी," टिकाराम समजुतीनं म्हणाला, "तू सांगशीन, मंग मले सांगा लागन. मंग धुरपताले. कुंपण कधी होईन? चहा मांड."

सगळ्यांनी माना हलवल्या. शकुनबाईनं एकेकाचं तोंड पाहिलं. मग आत जाऊन तिनं चहा मांडला. साखर जरा सढळ हातानं पडली.

संध्याकाळी भुपेंद्र नवे कासरे घेऊन आला. आवारातला ढीग पाहून त्यानं त्याभोवती एक फेरा मारला. जुन्या ढिगापेक्षा हा चांगला हातभर उंच होता.

"आग लागली होती ना, बाई?"

"लागली होती."

"मंग हे?"

"उरलं," शकुनबाई म्हणाली.

लाल्यानं एक लांब काडी ओढली आणि व्यापाऱ्याकडे बघत सावकाश चावली. भुपेंद्रनं कासरे पुन्हा गुंडाळले.

दुसऱ्या दिवशी पहाटे शकुनबाई टोपली आणि खराटा घेऊन जंगलाकडे निघाली. मोहांनी रात्रीतून पुन्हा पाला गाळला होता, त्यांना गावातली भानगड माहीत नव्हती. न जाळता झाडून काढायचं म्हणजे कंबर मोडायचं काम. लोक बघून हसतील, म्हणून ती मुद्दाम अंधारातच पोचली.

आधी तिला आवाज आला. मग फटफटलं, तसं दिसू लागलं. प्रत्येक मोहाखाली एक पाठ वाकलेली होती आणि प्रत्येकाच्या हातात खराटा होता. धुरपता होती, टिकाराम होता, ट्रॅक्टरवाला धनंजयही होता. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. शकुनबाईही आपल्या झाडाखाली वाकली, आणि सारं जंगल अंगणासारखं वाजू लागलं.