सुनांची मर्यादा

"हात खाली घ्या," सहकार खात्याचे साहेब म्हणाले. "तुमच्यापैकी एकही जण सोसायटीचा सभासद नाही."

शाळेच्या खोलीत बसलेल्या तांड्यातल्या पुरुषांचे हात क्षणभर वरच राहिले. मग एकेकाला आठवलं. खरंच की, सभासद तर आपल्या बायका आहेत.

हा शहाणपणा त्यांचाच. महाराष्ट्र राज्य झालं त्या साली दिग्रसच्या वाटेवरच्या या तांड्याने कापसातली सरकी काढायला स्वतःची जिनिंग उभारायची ठरवली, तेव्हा फुलचंद सेठने निरोप धाडला होता : ज्याचं नाव सोसायटीत दिसेल, त्याची गाडी माझ्या जिनिंगच्या फाटकातून आत येणार नाही. आता आपली जिनिंग उभी राहीपर्यंत कापूस न्यायचा कुठे? पुरुषांनी डोकं लढवलं आणि बायकांची नावं घातली. बायकांना कुणी विचारलं नाही. त्यांचे फक्त अंगठे घेतले आणि नंतर डोक्यावर मुरमाच्या पाट्या दिल्या. जिनिंगचा सगळा पाया त्या पाट्यांनी भरला.

आता भिंती उभ्या होत्या, पत्रे तेवढे पडायचे होते. आणि तोच फुलचंद सेठ आज साहेबांच्या शेजारी खुर्ची टाकून ती जिनिंग विकत मागत होता. धमकीने जमलं नाही ते त्याने गोड बोलून जमवलं होतं. आठवड्यापूर्वी तो सेवादासच्या अंगणात येऊन बसला. सोसायटी सेवादासने काढलेली. उन्हातान्हात पायपीट करून माणसं त्यानेच जोडली. सेठने आधी त्याची पाठ थोपटली.

"सेवादास, संस्था काढणं येगळं अन् चालवणं येगळं. इंजिन बंद पडलं तं कोणाले बोलावशीन? मुंबईचा भाव कोण सांगन तुले? माह्याकडे दे. तू म्यानेजर. टेबल, खुर्ची, वरतून पंखा. पाटीवर नाव तांड्याचंच राहीन."

"अन् मालक?"

"मालक एकच असते बाबू. सगळेच मालक झाले तं काम कोण करन?"

सेवादासला हे पटलं. खरं सांगायचं तर खुर्ची पटली. दाराआडून चहाचे कप पुढे सरकवणारी त्याची बायको, मानीबाई, एक शब्द बोलली नाही. तिचा सासरा, तांड्याचा नाईक धावजी, अंगणातच बसला होता आणि सासऱ्यासमोर सून बोलत नसते. पण सेठच्या फाटकाबाहेर नंबर लागेपर्यंत कापसाच्या गाडीखाली लेकरं निजवून थंडीत कुडकुडत बसणारी तीच होती. वजनकाट्यावर हळूच बोट ठेवणारा सेठचा माणूस तिने आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. ही जिनिंग गेली तर पुन्हा तेच फाटक, तोच काटा. ते तिला नको होतं. मरेपर्यंत नको होतं.

"त्यात काय एवढं," शाळेच्या खोलीत सेठ हसून साहेबांना म्हणाला. "बोलवा बायायले."

नवऱ्यांनी बाहेर जाऊन आपापल्या बायकांना बजावलं : हात वर करायचा, तोंड उघडायचं नाही. बायका आत आल्या आणि हनुवटीपर्यंत घुंगट ओढून, पुरुषांकडे पाठ करून बसल्या. साहेबांनी ठराव वाचला. जिनिंग फुलचंद सेठला विकावी, या बाजूने कोण? एकही हात हलला नाही. विरोधात कोण? तरीही नाही. सेवादास खाकरला. मागून आणखी दोघे खाकरले. बघता बघता खोलीत खोकल्याची साथ आली, पण हात काही वर होईनात.

शेवटी म्हातारी सुखीबाई बोलली. ज्याच्यापुढे तिने घुंगट घ्यावा असं तिच्याहून थोरलं माणूस तांड्यात उरलं नव्हतं, म्हणून सुनांचा निरोप तिने सांगितला. "साहेब, इथं सासरे बसले हायेत, जेठ बसले हायेत. त्यायच्या समोर सून हात कशी उचलन? माणसं बाहेर जातीन तं पोरी मत देतीन."

धावजी नाईकाची छाती भरून आली. काळ कुठल्या कुठे गेला, पण आपल्या तांड्याच्या सुनांनी मर्यादा सोडली नाही. तो स्वतः काठी टेकत उठला आणि सगळ्या पुरुषांना बाहेर घेऊन गेला. सेठही गेला. साहेब तेवढे राहिले. सरकारी माणूस कुणाचा सासरा नसतो आणि थोरला दीरही नसतो.

बाहेर लिंबाखाली नाईकासाठी बाज टाकली. सेठने बिड्या वाटल्या. फाटकावरच्या पाटीला रंग कोणता द्यावा यावर बोलणं सुरू झालं. सेवादासला हिरवा हवा होता. तेवढ्यात आत दंडापर्यंत चढवलेल्या बांगड्या एकदम खणखणल्या.

"झालं," सेठ उठला. "हात वर झाले."

झाले होते खरे. साहेब दारात आले. "ठराव फेटाळला. सगळे हात विरोधात."

सेठने सेवादासचा दंड धरला. "अरे, विचार तुह्या बायकोले. काय पाहिजे तिले?"

"मलेच इचारा ना, सेठ."

साहेबांच्या मागे मानीबाई उभी होती. घुंगट मागे सारून तिने पदर खांद्यावर टाकला होता. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासऱ्याने तिचा चेहरा आज पाहिला.

"जिनिंग विकायची नाही," ती म्हणाली. "पत्रे आमी टाकू. इंजिनाचं दिग्रसच्या निजामुद्दीन मिस्त्रीले सांगून ठेवलं हाये. अन् भाव कोणता चालू हाये, हे इचारायले मलेबी तोंड हाये."

सेवादास लाजेने अर्धा झाला. बाजेवरच्या बापाकडे डोळ्यांनी खुणावत तो दबक्या आवाजात म्हणाला, "मानी, बापू बसले हायेत."

"बसू द्या," मानीबाई म्हणाली. "मतं पडली आता."