बोटभर गाळ

बाबांना पुरून आलो त्याच दिवशी माझ्या धाकट्या भावाने, वाउटरने, ते घरी बिअर बनवायचे त्या यीस्टची बरणी उचलली. मी चमचाभर मागितलं तर म्हणाला, "बाईमाणसाला कशाला हवंय? बेकरीतलं आण आणि पाव भाज."

आज, काही वर्षांनी, तोच माझ्या स्वयंपाकघरात तोंड पाडून बसला होता. बिअरसाठी उकळलेला जवाचा काढा निवायच्या आधीच घाईघाईने त्याने त्यात सगळी बरणी रिकामी केली होती. यीस्ट शिजून मेलं.

"हिल्डे, बाबांनी तुला एक बाटली दिली होती ना? तळाच्या गाळात जिवंत यीस्ट असेल. तेवढी दे."

मी तळघरातून बाटली आणली. ग्लास तिरका धरून, बोटभर गाळ बाटलीच्या तळाशी ठेवून हळूच ओतली, बाबा ओतायचे तशी. त्याने घोट घेतला आणि डोळे मिटले.

"बाबांचीच! असा हात पुन्हा होणे नाही."

मग त्याने बाटलीकडे हात नेला. मी ती आधीच उचलली, गदागदा हलवली आणि गाळासकट पिऊन टाकली.

"कैदाशीण! शेवटची बाटली होती त्यांची!"

"त्यांची मी ते गेले त्याच हिवाळ्यात उघडली आणि तिच्या गाळातून यीस्ट वाढवलं. आत्ता प्यायलास ती माझी. खाली तळघर भरलंय."

तो ग्लासाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "एक तरी दे."

मी दार उघडून धरलं.

"पाव भाज."