नुसतं टक्

किल्ली फिरवली की टक्. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. त्यापुढे एक अक्षर बोलायला गाडी तयार नव्हती.

स्टिअरिंगवर चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी त्याने तिसऱ्यांदा वाचली. बायकोचं अक्षर, घाईघाईत मार्करने काढलेलं. 'याला अर्थच नाही. मीच जाते. उगाच शोधत बसू नकोस.'

तो अंघोळीला गेला, तेवढ्यात ती गेली होती. खुंटीवरची पिशवी नव्हती, दारातली स्कूटर नव्हती. फोन नुसता वाजत होता.

चोराच्या मनात चांदणं. कारण शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. आठ दिवसांपूर्वी तिच्या नावाने पत्र आलं होतं. दूरच्या शहरातल्या तंत्रशाळेत गाड्यांचं वायरिंग शिकवायला तिची निवड झाली होती, मंगळवारी सकाळी हजर व्हायचं होतं. वर्षभर ती या पत्राची वाट बघत होती. त्याने ते उभ्याउभ्या वाचलं, फाडलं आणि रद्दीत खुपसलं. नीचपणाच होता तो, आणि त्याला ते तेव्हाही कळत होतं. रोज संध्याकाळी ती विचारायची, "आलं का रे काही?" आणि हा गाडीखालून म्हणायचा, "कुठं काय?"

काल रद्दीचा गठ्ठा तिनेच बांधला होता. आज सोमवार. तिकडे जाणारी बस एकच, अकराची. आत्ता साडेनऊ वाजले होते.

गॅरेजात बारा वर्षांची वाटणी होती. इंजिन त्याचं, वायरिंग तिचं. ही गाडी त्यांची स्वतःची. जुन्या इंजिनाने मान टाकली म्हणून चार दिवस खपून त्यांनी दुसऱ्या गाडीचं इंजिन तिच्यात बसवलं होतं. तेव्हापासून हे टक्.

त्याने दिवे लावून पाहिले. लख्ख. हॉर्न दाबला, तर शेजारचा पंक्चरवाला दचकून ओरडला. म्हणजे बॅटरीला धाड भरली नव्हती. त्याने फ्यूज तपासले, रिले बदलला. मग स्टार्टर खाली उतरवला आणि जमिनीवर ठेवून सुट्या बॅटरीच्या दोन्ही वायरी थेट त्याला लावल्या. स्टार्टर असा गरगरला की जागेवरून उसळला. परत गाडीत चढवला. टक्.

ॲक्सिलरेटरच्या तारेला हात लागला आणि चटका बसला. ही तार का तापावी? त्याला काही केल्या समजेना. ती असती तर तिने चुटकीसरशी सांगितलं असतं.

पंक्चरवाले काका कमरेवर हात ठेवून दारात आले. "सकाळी सकाळी कुणाच्या नावाने शंख करतोयस?"

"काका, जरा धक्का मारता का? स्टँडवर जायचंय."

"माझ्या कमरेला पट्टा आहे, बाबा. मीच लोकांना धक्का मागतो." काका हसले. "सूनबाई गेल्या ना मघाशी? घाईत होत्या."

"काही म्हणाली?"

"म्हणाल्या, वेळीच लक्षात आलं म्हणून बरं."

"अजून काही?"

"रागावल्यासारख्या दिसल्या. भांडलात का?"

"नाही," तो म्हणाला. काका कमरेचा पट्टा सारखा करत निघून गेले.

सव्वादहा झाले. त्याने पुन्हा किल्ली फिरवली. टक्. बोनेटवर मूठ आपटली, शिव्या दिल्या, मग त्याच बोनेटवर हात फिरवून विनवण्या केल्या. यंत्राला माणसासारखं विनवणाऱ्या गिऱ्हाइकांना आजवर तो हसत आला होता. शेवटी तो गाडीत बसला आणि लहान मुलासारखा रडला.

फोन ती उचलत नव्हती. त्याने निरोप रेकॉर्ड करून पाठवायचं ठरवलं.

"अगं, चिठ्ठी वाचली. तुझं बरोबर आहे. पत्र मीच फाडलं. तू निवडली गेलीस हे मला आठ दिवस माहीत होतं, आणि मी रोज तुझ्या तोंडावर खोटं बोललो. तू गेलीस तर मी एकटा पडेन, एवढीच भीती होती..." तो चार मिनिटं बोलत राहिला. काही हातचं ठेवलं नाही. निरोप गेला. फोन फळीवर ठेवून तो भिंतीला टेकून बसला.

वीस मिनिटांनी दारात स्कूटर थांबली.

"अरे देवा, स्टार्टर उतरवलास?" ती आत येता येता म्हणाली. "उगाच शोधत बसू नकोस म्हणून लिहून ठेवलं होतं ना? चार दुकानं पालथी घातली, तेव्हा ही मिळाली."

तिने पिशवीतून विणलेल्या तांब्याची वीतभर पट्टी काढली.

"ही काय?"

"अर्थिंगची पट्टी. इंजिन बॉडीला जोडणारी. आपली जुन्या इंजिनाबरोबर भंगारात गेली. इंजिनाला अर्थच नाही, तर स्टार्टर फिरणार कसा? सगळा करंट ॲक्सिलरेटरच्या बारीक तारेतून जात होता. वेळीच दिसलं, नाहीतर गाडीच पेटली असती. माझाच राग आला मला, वायरिंग माझं ना!"

त्याची नजर स्टिअरिंगवरच्या चिठ्ठीकडे गेली. ती गाडीखाली सरपटली. दोन बोल्ट, पाच मिनिटं.

"मार आता."

पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू झालं. तो वेड्यासारखा हसत सुटला. ती हात पुसत खिडकीशी आली आणि तिने खिशातून फोन काढला.

"बाप रे, सतरा कॉल! आणि हा चार मिनिटांचा निरोप? एवढं काय सांगायचं होतं?"

"काही नाही गं. पुसून टाक."

"ऐकू तरी दे."

निरोप पुसता आला असता तो त्याचा स्वतःचा फोन पलीकडे फळीवर होता. त्याने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाच्या आवाजाने पत्रे थरथरले. तिने एका कानाला फोन लावला, दुसऱ्यात बोट घातलं, कपाळाला आठ्या घातल्या. मग खिडकीतून आत हात घालून तिने किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.