इतवारीचा अंगठा

शंकरपटात एकेक बैलजोडी धावायची आणि इतवारीभाऊ हातातल्या घड्याळावर वेळ मोजायचा. हरलेला गडी दरवर्षी त्याच्याशीच भांडायचा, की यानं बटण उशिरा दाबलं.

यंदा ऊर्जानगरात नोकरीला असलेल्या देवरावनं महिनाभर खपून यंत्र आणलं. बैलांनी सुरुवातीचा प्रकाशझोत तोडला की मोजणी सुरू, शेवटचा तोडला की बंद. चिपमध्ये प्रोग्राम, पेटीवर लाल आकडे.

पहिल्या दिवशी कुणीच भांडलं नाही. बापूरावची जोडी सेकंदाच्या सहा शतांशानं मागे पडली. तो आकड्यांकडे बघत राहिला. "मशीन खोटं नाई बोलत. बैलच थकले. उद्याची धाव झाली की बाजारात नेतो."

इतवारीनं देवरावला बाजूला घेतलं. "पेटीले एक बटन लाव अन् माह्या हातात दे."

"कायले भाऊ? चिप सारं मोजते."

"मोजू दे. आतून तार नको जोडू."

दुसऱ्या दिवशी बापूराव पुन्हा हरला. इतवारीच्या हातातलं बटण दिसताच त्यानं सगळ्या पटासमोर त्याची पार खरडपट्टी काढली. इतवारी मान खाली घालून ऐकत होता.

मग बापूरावनं बैलांना गूळ चारला, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "कालबी यानंच घोळ केला असंल. अंगठाच जड हाय त्याचा. पुढच्या साली पाहू रे."